घरातला माणूस पाहुणा होतो तेव्हा

बोलण्याचाही पगार मिळतो हे माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. मी गडमुडशिंगीच्या घरातून सकाळी डबा घेऊन निघाले की ती शेजारणीला सांगायची, "आमची पोरगी दवाखान्यात हाय. सुई टोचत न्हाय, गोळी देत न्हाय, नुसती बोलती. आन् सरकार तिला पगार देतंय." यावर शेजारीण म्हणायची, "मग आमच्या सुनंला बी लावा की तितं. ती फुकटात लई बोलती."

वडिलांना मात्र अभिमान होता. आमच्या बौद्धवाड्यात समाजकार्याची पदवी घेतलेली मी पहिली मुलगी. भेटेल त्याला ते 'समुपदेशक' हा शब्द पूर्ण उच्चारून सांगायचे आणि ऐकणारा 'बरं बरं' म्हणून पुढे जायचा. दवाखान्यात तर हा शब्द कुणी वापरलाच नाही. तिथे मी 'एड्सवाल्या बाई' होते. सुरुवातीला राग यायचा, पुढे सवय झाली, आणि नंतर नंतर तर कुणी समुपदेशक म्हटलं की वाटायचं, हे दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारतायत.

काळ होता नव्वदच्या दशकाच्या अखेरीचा. एचआयव्हीची लागण आमच्या भागात गावोगाव पोचली होती. सरकारी दवाखान्यात तपासणी होत होती, तापावर, खोकल्यावर, जुलाबावर औषध मिळत होतं. पण मूळ आजाराला आवर घालणारी औषधं मोठ्या शहरांतल्या बड्या दवाखान्यांत होती आणि आमच्याकडे येणाऱ्यांना ती परवडण्यासारखी नव्हती. म्हणजे रक्तात काय आहे ते आम्ही माणसाला सांगू शकत होतो, आणि ते सांगून झाल्यावर माझ्याकडे एक टेबल, दोन खुर्च्या आणि पाण्याचा तांब्या एवढंच असायचं. या सामानावर मी वीसेक वर्षं नोकरी केली, आणि बरी केली असं मला वाटतं. उगाच विनय कशाला दाखवायचा?

आमची खोली एक्स-रेच्या शेजारी होती. सुरुवातीला दारावर मोठी पाटी लावली तर चिटपाखरू फिरकेना. पाटी काढली आणि माणसं यायला लागली. सगळे एक्स-रेच्या बाकड्यावर, हात किंवा गुडघा धरून बसायचे. मी दारातून नुसती मान हलवली की एकेकाचा गुडघा बरा व्हायचा आणि तो आत यायचा.

काम दोन टप्प्यांचं. तपासणीच्या आधी बोलायचं आणि निकालानंतर बोलायचं. निकाल ज्याचा त्यालाच सांगायचा, आईला नाही, बापाला नाही, साहेबाला तर नाहीच. एकदा भला मोठा फेटा बांधलेले एक गृहस्थ आले. मुलीचे मामा. "सोयरीक ठरलीया. पोराचा रिपोर्ट दावा, जातो मी."

म्हटलं, "तो इथे आला होता की नाही, हेसुद्धा मी सांगणार नाही."

"मग तुमी इतं बसून करताय काय?"

"हेच. न सांगायचं काम."

मामा हसले आणि म्हणाले, "आमच्या गावात ह्या कामाला माणूस मिळायचा न्हाय." पुढच्या आठवड्यात ते मुलाला आणि मुलीला, दोघांनाही राजीखुशीने तपासणीला घेऊन आले आणि स्वतः एक्स-रेच्या बाकड्यावर गुडघा धरून बसले.

असे हसण्याचे दिवस होते, पण त्या खोलीतलं खरं भय वेगळं होतं. आजाराने माणूस जायला वर्षं लागत. आजाराच्या नावाने मात्र माणसं त्याआधीच आपण होऊन जायला निघत. ते कसं, काय, हे मी इथे लिहिणार नाही. दिवाळी अंक घरातले सगळे वाचतात, आणि त्यातला एखादा त्या दिवशी आतून खचलेलाही असू शकतो. एवढंच सांगते की एका नव्या नवरीचा निकाल कुणीतरी तिच्या हाती न देता बंद पाकिटातून तिच्या सासरी दिला. तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं. आमची खोली तिच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, राजारामपुरी ओलांडली की आलीच. पण अशी खोली आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. आम्हाला तिचं नाव कळलं ते ती गेल्यावर. त्या मुलीचा चेहरा मी कधी पाहिला नाही आणि तरी वीस वर्षांत सर्वांत जास्त आठवली ती तीच.

म्हणून निकाल सांगताना माझं अर्धं लक्ष आजाराकडे आणि अर्धं या दुसऱ्या धोक्याकडे असे. पुण्याला आमचं प्रशिक्षण झालं होतं. तिथल्या मॅडम फार हुशार आणि मऊ बोलणाऱ्या. त्यांनी शिकवलं की थेट विचारा, विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही. उलट ज्याच्या डोक्यात आहे त्याचं ओझं हलकं होतं. हे सोन्यासारखं होतं, आजही आहे. फक्त प्रश्नाची भाषा पुण्याची होती. 'आपल्या मनात काही टोकाचे विचार येतात का?' हा प्रश्न मी कागलच्या एका गवंड्याला विचारला तर तो म्हणाला, "टोकाचं म्हंजे कसलं वं?" तेव्हापासून मी सरळ विचारायला लागले, "जीव द्यावा असं वाटतंय का?" आमच्या मुलखात आडपडद्याची रीत नाही. माणसं तितक्याच सरळ उत्तर द्यायची. कुणी म्हणायचं, "छ्या, पोरं ल्हान हाईत माझी." कुणी गप्प बसायचं. गप्प बसला की मी खुर्ची जवळ ओढायचे.

दुसरा एक प्रश्न माझा स्वतःचा होता, कुठल्या पुस्तकातला नव्हता. 'उद्या सकाळी उठल्यावर पहिलं काम काय?' भविष्याबद्दल काय ठरवलंय, असं विचारलं की आमची माणसं हसतात. पण उद्या सकाळचं विचारलं की कुणी म्हणे भाकरी थापायच्यात, कुणी म्हणे पाण्याची पाळी हाय, पोरीला शाळेत सोडायचीय. ज्याच्याकडे उत्तर होतं त्याला मी पुढची तारीख देऊन सोडायचे. जो म्हणे 'काय न्हाय', त्याला एकट्याला त्या खोलीबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा माझा नियम.

आणि एक गोष्ट अनुभवाने कळली. निकाल ऐकून जो रडतो, शिव्या देतो, टेबलावर हात आपटतो, त्याच्याबद्दल मला फारशी धास्ती वाटायची नाही. ज्याला काल-परवापर्यंत काही सुचत नव्हतं आणि आज जो एकदम शांत झाला, हात जोडून आभार मानायला लागला, त्याला मी घाबरायचे.

सर्जेराव पहिल्यांदा आले तेव्हा मला काहीच भीती वाटली नाही ती म्हणूनच. हे त्यांचं खरं नाव नाही. गाव बिद्रीच्या बाजूचं, एवढंच सांगते. म्हशीचंही नाव बदललंय, कारण तिला ओळखणारी माणसं त्या गावात अजून आहेत. पस्तिशी ओलांडलेला उंचापुरा गडी. हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवायचा, एरवी घरची म्हैस, थोडं रान. माणूस दिसायच्या आधी त्याच्या पायताणाचा आवाज यायचा. कारागिराकडे बसून, हवी तशी करकर येईपर्यंत उठायचं नाही असं करून बनवून घेतलेलं अस्सल पायताण. एक्स-रेच्या बाकड्यावरची सगळी माणसं वळून बघायची.

निकाल ऐकल्यावर त्यांनी टेबलावर असा हात आपटला की तांब्या कलंडला. मग मला, सरकारला, तपासणीच्या मशीनला आणि मशीन बनवणाऱ्या देशाला शिव्या घातल्या. मी ऐकून घेतल्या. लागण कुठून आली हे मी कधीच कुणाला विचारलं नाही. आलेल्या पुराला तू कुठल्या नाल्यातून आलास म्हणून विचारत बसत नाहीत. शेवटी दमून ते खुर्चीत बसले. विचारलं, "उद्या सकाळचं पहिलं काम काय?"

"म्हशीची धार," ते माझ्यावरच खेकसले. "मी न्हाय काढली तर कोण काढणार? मोरी दुसऱ्याला शिवू बी देत न्हाय."

बरं वाटलं. त्यांची बायको शांता, तिची तपासणी त्यांनी स्वतः तिला आणून करवली. ती स्वच्छ निघाली. पुढेही ठरल्या वेळी पुन्हा तपासली, पुन्हा स्वच्छ. त्या दिवशी मात्र हाच माणूस टेबलावर डोकं ठेवून रडला. घरी सांगायचं का, यावर आम्ही तिघांनी बरंच बोलून ठरवलं की आई आणि धाकटा भाऊ मारुती यांना सांगायचं, गावाला नाही. सांगितलं. आणि घरच्यांनी त्यांना पोटाशी धरलं. मी मनात म्हटलं, हे घर पास झालं.

चारेक महिन्यांनी, दुपारच्या वेळी मी मान वर केली तर सर्जेराव दारात उभे. आवाजच आला नव्हता. पांढरे स्वच्छ कपडे, दाढी केलेली, हातात गुळाचा रवा, ती अख्खी ढेप त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. "मॅडम, लई केलं तुमी आमच्यासाठी. दवाखान्याकडनं चाललोतो, म्हटलं भेटून जावं." हात जोडले. एक शिवी नाही, एक तक्रार नाही. झोप लागते का? लागते. जेवण? छान. मन? एकदम निवांत.

माझी नजर त्यांच्या पायांकडे गेली. साधी रबराची स्लिपर.

"पायताण कुठाय?"

"मारुतीला दिलं. त्येला लई आवडायचं. मला काय करायचंय आता."

"आणि हातातलं घड्याळ?"

"ते मेव्हण्याला."

मी उठले, दार लावलं, खुर्ची त्यांच्या शेजारी आणली आणि विचारलं, "सर्जेराव, जीव द्यायचं ठरवलंय का?"

त्यांनी गुळाचा रवा टेबलावर नीट सरळ करून ठेवला. मग म्हणाले, "व्हय."

असं 'व्हय' ऐकायची सवय मला वीस वर्षांत कधी झाली नाही. पण त्याबरोबरच एक जागा मोकळीही होते, कारण आता दोघांनाही ठाऊक असतं आपण कशाबद्दल बोलतोय. मी त्यांना आयुष्य किती सुंदर आहे वगैरे काही सांगितलं नाही. विचारलं, घरात कुणी काही बोललं का? ताट वेगळं केलं? अंथरूण लांब टाकलं?

"न्हाय वं," ते म्हणाले. "घरची लई चांगली हाईत. त्येच तर हाय."

आणि मग हळूहळू बोलायला लागले. आजार कळल्यापासून आईने त्यांची खाट पुढच्या सोप्यात, दाराजवळच्या खोलीत, हलवली होती, हवेशीर म्हणून. अंगावर नवी चादर. जेवायला सगळ्यांच्या आधी त्यांचं ताट. रविवारी मटणातल्या चांगल्या फोडी त्यांना, पांढरा रस्सा वाटीवर वाटी. पाण्याचा तांब्या उचलायला गेले तर शांता धावत येऊन हातातून घेणार. रानात निघाले तर मारुती म्हणणार, "दादा, तू बस. मी हाय की." आणि मारुतीनेच धारही आपल्याकडे घेतली होती.

"आमच्यात पावण्याला असं ठेवत्यात मॅडम. मी माझ्याच घरात पावणा झालोय." ते हसले, ते हसणं मला अजिबात आवडलं नाही. "पहिल्या दिशी पावणा, दुसऱ्या दिशी पई, तिसऱ्या दिशी राही त्याची अक्कल जाई, म्हणत्यात न्हवं? मग मी किती दिस ऱ्हायचं? समद्यांची सोय बघून पावण्यानं आपणच उठावं. ती बी माझ्यासाठनं राबून दमलीत."

मी थक्क झाले. आजारी माणसाला घराबाहेर काढणारी घरं मी पाहिली होती, त्यांच्याशी भांडायला मला येत होतं. इथे कौतुकानेच माणूस उंबऱ्याबाहेर चालला होता. आणि हे फक्त आमच्याच मुलखात होऊ शकतं. आमच्याकडे पाहुण्याचं कौतुक कुणाला शिकवावं लागत नाही. त्याला पाण्याचा गडवा उचलू द्यायचा नाही, 'घ्या की, घ्या की' म्हणत ताटात वाढत राहायचं, कामाला हात लावू दिला तर घराची अब्रू जाते. त्या माउलीला आपला मुलगा हातचा जाईल याचं दुःख होतं आणि ते सांगायची तिला ठाऊक असलेली एकच रीत होती, ती म्हणजे पाहुणचार.

सर्जेरावांना एकटं न सोडता मी सिस्टरला त्यांच्याजवळ बसवलं आणि आमच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. ते त्यांच्याशी बराच वेळ बोलले. मनाचा हा आजारही आजारच आहे, त्याला औषध आहे आणि ते लागू पडतं, हे त्यांनी ताप-खोकल्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. भरती होता का, विचारलं. सर्जेराव नको म्हणाले. मग डॉक्टरांनी अट घातली, घरचं माणूस सतत सोबत पाहिजे, घरात धोक्याचं काही असेल ते आजच दुसरीकडे जायला पाहिजे आणि बाईंनी उद्या घरी जाऊन यायला पाहिजे. गावातल्या दुकानात फोन लावून मारुतीला बोलावून घेतलं.

मारुती आला तो भावाचंच पायताण घालून, करकर करत. सर्जेरावांना विचारून मी त्यांच्यासमोरच त्याला सगळं सांगितलं. तो दणकट गडी तिथेच व्हरांड्यात खाली बसला आणि मोठ्याने रडायला लागला. "आमी काय कमी केलं वं मॅडम? सांगा, काय कमी केलं?"

"कमी काही नाही केलं," मी म्हटलं. "जास्त केलंत."

त्याला ते तेव्हा कळलं नाही. भावाला सावलीसारखा धरून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीने बिद्रीला उतरले. साखर कारखान्याच्या मळीच्या वासातून मारुतीबरोबर गावात पोचले. सोप्यात खाटेवर सर्जेराव बसले होते, नव्या चादरीवर, पाहुण्यासारखे अवघडून. आईने मलाही शेजारी बसवलं, पाणी दिलं आणि पोहे करायला निघाली. मी तिचा हात धरून खाली बसवलं.

"आई, यांची खाट पुन्हा आत होती तिथे न्या. आणि आजपासून धार हेच काढतील."

आईने कपाळाला हात लावला. "आजारी माणसाला कामाला लावू? लोक त्वांडात श्याण घालतील माझ्या!"

"त्यांच्या अंगात आज ताप नाही, वजन चांगलं आहे. डॉक्टरांनी तपासलंय. काम झेपेल एवढं केलं तर ते बरेच राहतील."

ती माझ्याजवळ सरकून अगदी हळू म्हणाली, "मॅडम, पण त्येच्या हातचं दूध... चालंल न्हवं? डेरीला जातंय, लोकांची पोरं पित्यात." एवढे महिने कौतुकाच्या पदराखाली झाकून ठेवलेली भीती अशी बाहेर आली. मी रागावले नाही. चार महिने ही बाई कुणाला विचारायला जाणार होती? मी मोठ्यानेच, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, हा आजार हाताने पसरत नाही, दुधाने नाही, ताटाने नाही, एका घोंगड्याखाली झोपल्याने नाही. "आज त्यांनी काढलेल्या दुधाचा चहा मला पाहिजे," मी म्हटलं. "तुमच्या हातचा."

तरी मारुती अडून बसला. "नको मॅडम. मी काढतोय की. दादानं काळजी करू नये. दूध बी चांगलं निघतंय."

तेवढ्यात आतून शांता बाहेर आली. माझ्या खोलीत ती कायम मान खाली घालून बसायची; तिचा आवाज मी धड ऐकला नव्हता. "भाऊजी, खोटं बोलू नका," ती म्हणाली. "मोरी पान्हा चोरती. निम्मं बी दूध देत न्हाय. तुमी शेजारच्या वहिनीकडनं दूध घेताय आन् आपल्या किटलीत मिसळून डेरीला घालताय. मला म्हाईत हाय."

ज्यांना म्हशीची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, हे जनावर हाताला फार ओळखतं. सवयीचा हात कासेला लागला नाही तर पान्हा रोखून धरतं, दुसरा कितीही ओढू दे. मारुतीने ते महिनोन् महिने लपवलं होतं, का तर दादाला वाईट वाटू नये. त्याने मान खाली घातली.

मी सर्जेरावांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत होता. ते खाटेवरून उठले.

"माझी म्हस नासवलीस व्हय रं?" आणि मग जे काही त्यांच्या तोंडून निघालं ते कुठलाही संपादक छापणार नाही. मारुतीची अक्कल, त्याचे हात, त्याचं लग्न न होण्याची कारणं, सगळ्याचा उद्धार झाला. "कासेला तेल लावलंस? आधी पुढ्यात पेंड ठेवलीस? हाक मारलीस का तिला? का नुसता जाऊन बसलास भिकाऱ्यावानी?" आई 'आरं, आरं, मॅडम बसल्यात' म्हणत होती आणि मॅडमना मात्र त्या शिव्या ऐकून इतका आनंद झाला होता की हसू दाबायला त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

"आन् माझं पायताण काढ आधी पायातलं," ते शेवटी म्हणाले आणि गोठ्याकडे निघाले.

धारेची वेळ झालीच होती. आम्ही सगळे गोठ्याच्या दारात उभे राहिलो. सर्जेराव मोरीच्या पाठीवर थाप मारून तिच्याशी काहीबाही बोलत खाली बसले. तिने मान वळवून त्यांचा खांदा हुंगला, खरखरीत जिभेने शर्ट चाटला. मग पितळी चरवीत पहिली धार वाजली आणि थोड्या वेळात फेस काठाला आला. मारुती किटली धरून उभा होता आणि डोळे पुसत होता. आईने चहा केला. पहिला कप मी घेतला, दुसरा तिने स्वतः घेतला आणि माझ्याकडे बघत बघत सगळा प्यायली.

एका म्हशीने माणूस वाचवला असं मात्र कुणी समजू नका. डॉक्टरांचं औषध बरेच महिने चाललं. मी गावी जात राहिले, ते खोलीवर येत राहिले. मधे एकदा क्षयाने गाठलं, वजन उतरलं, काम बंद करावं लागलं. तेव्हा घरच्यांना मी एकच सांगितलं होतं, काम जमेना तर निदान विचारा त्यांना, धार कुणी काढायची, पेंड कुठली आणायची. खाटेवरून ते हुकूम सोडायचे आणि मारुती निमूट ऐकायचा. तोवर त्यालाही मोरीने थोडं आपलं म्हटलं होतं.

तो वाईट विचार पुन्हा आलाच नाही असंही नाही. दोनदा आला. पण दोन्ही वेळा त्यांनी दारातूनच सांगितलं, "मॅडम, डोस्क्यात परत त्येच आलंय. बसू का जरा?" माझ्या नोकरीत मला कुणी पदक दिलं नाही आणि मला ते नकोही आहे. मनात ते आल्यावर माणूस पहिल्यांदा माझ्या दाराकडे येतो, यापेक्षा मोठं काम माझ्या हातून झालेलं नाही.

वाचणाऱ्यांनाही हे येण्यासारखं आहे. आपल्या घरात, शेजारात कुणी एकाएकी जपलेल्या वस्तू वाटून टाकायला लागलं, निरोप घेतल्यासारखं बोलायला लागलं, तर लाजू नका. सरळ विचारा. उत्तर 'हो' आलं तर उपदेश करू नका, जवळ बसा, एकटं सोडू नका आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. यात माझ्या पदवीचं काही लागत नाही.

आम्हाला त्या वर्षांत एक गोष्ट ठाऊक नव्हती. रोज एकेका माणसाला 'थांब, जगून बघ' म्हणून थोपवत होतो, पण कशासाठी थांबवतोय हे आमच्या हातात नव्हतं. दोन हजार सालानंतर काही वर्षांनी औषधं सरकारी दवाखान्यांतून फुकट मिळायला लागली, तेव्हा कळलं की आपण त्यांना कशापर्यंत पोचवत होतो. जे पोचले नाहीत ते त्या दिवशी सगळे आठवले. सगळ्यात आधी ती नवी नवरी.

औषध सुरू करताना समजावून सांगायचं कामही माझंच. रोज, ठरल्या वेळी, एकही दिवस न चुकवता. आणि शेवटी सांगायचं की हे जन्मभर घ्यायचंय. तिथे माणसांचे चेहरे उतरायचे. 'जन्मभर? कंटाळा येईल की,' 'सुटका न्हायच का मग?' असं बोलायचे. त्यावर काय बोलायचं हे मी आधीच तयार करून ठेवलं होतं.

आमच्या पहिल्या काही रुग्णांत सर्जेराव होते. डबी हातात घेऊन त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली.

"कवापतोर घ्यायची ही?"

"जन्मभर."

मी माझं ठरलेलं बोलायला तोंड उघडणार तोच ते म्हणाले, "जलमभर?"

"हो. जन्मभर."

"म्हंजे अजून जलम हाय म्हणा की!"

माझं ठरलेलं बोलणं तसंच राहून गेलं. त्यांनी दाराकडे वळून हाक मारली, "शांते, ए शांते! आत ये बघू." ती पदर सावरत, घाबरून आत आली. काय झालं, म्हणून दोघांच्या तोंडाकडे बघायला लागली.

"मॅडम," ते म्हणाले, "मला सांगितलासा तसंच हिला सांगा. कवापतोर घ्यायची, ते सांगा."

मी तिला सांगितलं.

"आनि येकदा सांगा," सर्जेराव म्हणाले.